पर्णरंध्रे मोजताना: एका जीवाश्म-संचाचे परीक्षण

प्राचीन वनस्पती आणि पृथ्वीचे पूर्वीचे वातावरण यांचे नाते उलगडून दाखवणारा एक जीवाश्म-संच मी मध्यंतरी ऑनलाइन मागवला. पेटीत तीन नमुने (नेच्याचा ठसा, दगडी कोळसा आणि जळालेल्या लाकडाचा जीवाश्म), दोन काचपट्ट्या, एक भिंग आणि माहितीपुस्तिका आहे. भिंग निव्वळ शोभेचे आहे. काचपट्ट्या पाहायला स्वतःचा सूक्ष्मदर्शक असावाच लागतो आणि हे विक्रेत्याने जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवे होते.

काचपट्ट्या मात्र अप्रतिम आहेत. एकीवर आजच्या गिंको झाडाच्या पानाची उपत्वचा, म्हणजे पानावरचे पातळ मेणचट आवरण, आहे, तर दुसरीवर ज्युरासिक काळातल्या, त्याच कुळातल्या पानाची. चारशे पट मोठे करून पाहिले की पेशींच्या फरसबंदीत किंचित रुतलेली पर्णरंध्रे (पानात हवेची ये-जा होते ती सूक्ष्म छिद्रे) आणि त्यांच्याभोवती कडे करून बसलेल्या पेशी दोन्हींत ओळखता येतात. फरक आहे तो संख्येचा. जुन्या पानावर रंध्रे उघडच विरळ आहेत, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर थोड्या रंध्रांवरही पानाचे भागते आणि पाणीही कमी उडून जाते. 1987 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ इयान वुडवर्ड यांनी वनस्पतिसंग्रहांतली दोनशे वर्षांची वाळवलेली पाने तपासली, तेव्हा औद्योगिक युगात रंध्रांची दाटी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. नुसती रंध्रे मोजून भागत नाही, कारण उन्हापाण्यानुसार पेशींचा आकार बदलला की दाटीही बदलते. म्हणून रंध्रांचे एकूण पेशींशी असलेले प्रमाण काढावे लागते. पुस्तिकेने ही रीत आकृतीसह नीट समजावली आहे, हे मान्य केले पाहिजे.

हीच पुस्तिका ऑक्सिजनच्या प्रकरणात घसरते. ‘कार्बनी काळात झाडे वाढली म्हणून ऑक्सिजन वाढला’ असे ती सुमारे 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळाबद्दल एका वाक्यात सांगून मोकळी होते. वास्तविक झाड कुजते तेव्हा त्याने सोडलेला ऑक्सिजन जवळपास तेवढ्याच प्रमाणात खर्ची पडतो. शिल्लक उरते ती झाड न कुजता गाडले गेले तरच, आणि त्या काळच्या खचत जाणाऱ्या दलदलींत नेमके तेच घडले. आज 21 टक्के असलेला ऑक्सिजन तेव्हा 30 टक्क्यांच्या आसपास गेला असावा, असे बहुतेक गणिती प्रारूपे सुचवतात. झाडे अशी गाडली गेल्याचा पुरावा म्हणजे दगडी कोळसा, आणि त्याचा तुकडा याच पेटीत आहे! त्याच्या चिठ्ठीवर मात्र फक्त ‘इंधन’ असे लिहिले आहे.

तिसरा नमुना, वणव्यात जळालेल्या लाकडाचा जीवाश्म-कोळसा, लहान असला तरी मोलाचा आहे. ऑक्सिजन साधारण 16 टक्क्यांच्या खाली असेल तर वणवा टिकत नाही. त्यामुळे खडकात असा कोळसा सापडला की त्या काळच्या हवेतल्या ऑक्सिजनची किमान पातळी कळते.

सूक्ष्मदर्शक जवळ असलेल्या शिक्षकांनी हा संच काचपट्ट्यांसाठी अवश्य घ्यावा. इतरांनी थांबलेले बरे. माझ्या पेटीतला नेच्याचा ठसा मधोमध तुटलेला निघाला. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने आठवडाभरात सगळा संच बदलून दिला. पुस्तिकेतले ते वाक्य अर्थातच तसेच होते.