पुलाखाली की रीफवर? पाम बीचला डायव्हिंग ठरवण्यापूर्वी

फ्लोरिडाच्या पाम बीच परिसरात डायव्हिंगला एकच दिवस मिळणार असेल, तर निवड दोन गोष्टींत आहे. रिव्हिएरा बीचच्या फिल फॉस्टर पार्कमधून चालत पाण्यात शिरून ब्लू हेरॉन पुलाखाली उतरायचं, किंवा बोटीनं अटलांटिकमध्ये रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या खडकावर, जायचं. माझा कौल पुलाला आहे. कासवं आणि शार्कच बघायचे असतील, तर मात्र बोट.

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेला अनुभव म्हणजे डायव्हिंगचं कार्ड, अर्थात प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, नव्हे. स्वतंत्रपणे डाइव्ह करायला दोन्हीकडे कार्ड लागतं. ते नसलेल्यांसाठी वेगळी सोय आहे, ती पुढे सांगतो.

पुलाखालची खोली जेमतेम २० फूट. इतक्या उथळ पाण्यात हवा हळू संपते, त्यामुळे सवयीचे डायव्हर दीड तास सहज खाली काढतात. हा वेळच इथली खरी कमाई आहे. गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला उबदार प्रवाह इथं किनाऱ्याच्या अगदी जवळून वाहतो आणि समुद्राचं मुख हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून भरतीबरोबर स्वच्छ, उबदार पाणी खाडीत शिरतं. पुलाचे खांब स्पंजांनी मढलेले, तळाला वाळू आणि अधूनमधून पडलेलं भंगार. त्या भंगारातच बघायचं. जुन्या दोराला शेपटीचा वेढा देऊन समुद्रघोडा उभा असतो, रिकाम्या शिंपल्यातून ऑक्टोपसचा डोळा दिसतो. फ्रॉगफिश स्पंजाच्या रंगाचा होऊन बसलेला असतो आणि समोर असूनही नजरेतून निसटतो. वाळूवर पंख पसरून चालणारा फ्लाइंग गर्नार्ड आणि पायांसारख्या परांवर टेकलेला बॅटफिशही इथले. बिळाच्या तोंडाशी जॉफिश दिसला तर थांबा. नर अंडी तोंडात धरून उबवतो. एका जागी दहा मिनिटं स्थिर राहिलात, की मघाशी ओसाड वाटलेल्या वाळूत हालचाल दिसू लागते. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स असेल तर पुलाला पर्याय नाही.

या जिवांना अॅक्वेरियमसाठी पकडायलाही लोक यायचे. स्थानिक डायव्हरांनी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये राज्याच्या वन्यजीव आयोगानं इथं शोभेचे सागरी जीव पकडण्यावर बंदी घातली. त्यांचे मनापासून आभार मानायला हवेत.

पुलाची अट एकच, पण कडक: भरतीची वेळ. पाणी पूर्ण भरण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी उतरायचं आणि ओहोटीनं जोर धरायच्या आत बाहेर यायचं. नंतर खाडीचं गढूळ पाणी उलटं वाहू लागतं आणि ओढही जबरदस्त असते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहाटे सहाला भरती असेल तर पुढची थेट संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. म्हणून आधी भरतीचं कोष्टक बघा, मग सुट्टी टाका. कायद्यानं बंधनकारक असलेला लाल-पांढरा झेंडा (खाली डायव्हर असल्याची खूण) सोबत ठेवा, कारण वरून बोटी जातात. गळाच्या तुटलेल्या दोऱ्यांसाठी छोटं कटर घ्या. तळाला हात टेकवू नका. विषारी काट्यांचा स्कॉर्पियनफिश दगडासारखाच दिसतो.

रीफचं गणित वेगळं. तिथं खोली साधारण ५० ते ६० फूट, आणि उत्तरेकडे वाहणारा प्रवाह तुम्हाला नेतो. बोट डायव्हरांच्या वर तरंगणाऱ्या बोयामागे येते. पोहायचे कष्ट कमी, पण आवडलेल्या जागी रेंगाळता येत नाही. बक्षीस मात्र मोठं: उन्हाळ्यात समुद्री कासवं, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जवळच्या जुपिटर गावापुढच्या बुडालेल्या जहाजांपाशी जमणारे गोलिएथ ग्रूपर (आपल्या गोब्र्याचे अवाढव्य भाऊबंद), आणि जानेवारी ते मार्चमध्ये लेमन शार्क. ती जहाजं सुमारे ९० फुटांवर असल्यानं अॅडव्हान्स्ड कार्ड आणि सराव हवा. बोट लागत असेल तर अटलांटिकच्या लाटा दिवस खराब करू शकतात. खर्चही जास्त, पुलाखाली हवेची टाकी, वजनं आणि झेंड्याच्या भाड्यात काम होतं.

कुटुंबात कोणी डायव्हिंग करत नसेल तर तराजू पुलाकडेच झुकतो. त्याच पार्कला लागून २०१२ साली तयार केलेला स्नॉर्कलिंगचा (मास्क आणि नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावरून बघण्याचा) मार्ग आहे, खोली ६ ते १० फूट. चुनखडीच्या दगडांभोवती माशांचे थवे फिरतात आणि कधी ठिपक्यांचं पाकटही जातं. मास्क लावून तिथंही भरतीलाच जा, झेंडा तिथंही लागतो.

दोन दिवस असतील तर रीफ आधी करा आणि पूल नंतर. खोल डाइव्ह पहिल्या दिवशी उरकलेली बरी. भारतात परतायचं विमान मात्र शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी असू द्या, पुलाखालच्या उथळ डाइव्हनंतरसुद्धा.