आईने रिमोट खाली ठेवला: साउंडबारच्या ‘नाईट मोड’बद्दल

माझी आई शहात्तर वर्षांची आहे, मिरजेत एकटी राहते. टीव्ही बघताना तिचा उजवा अंगठा कायम रिमोटवर, आवाज कमी करायच्या बटणावर. ब्रेक लागला की दाबायचं आणि कार्यक्रम सुरू झाला की परत वाढवायचं. चहाचा कप डाव्या हातात. दिवाळीत मी आठ दिवस तिच्याकडे होतो. एका रात्री तासाभराच्या मुलाखतीत तिने ते बटण किती वेळा दाबलं ते मी मोजलं आणि मला फार वाईट वाटलं. तिच्या बोटांना संधिवात आहे.

तिने विचारलं, “चॅनेलवाले जाहिरात लागली की मुद्दाम आवाज वाढवतात का रे?”

मी वीसेक वर्षं नाटकांची ध्वनीची बाजू सांभाळतोय. मधली पाच वर्षं मुंबईत एका स्टुडिओत जाहिरातींचं मिक्सिंग केलं. त्यामुळे याचं उत्तर मला माहीत होतं, आणि त्यात माझाही हात होता. आवाजाला वर एक छत असतं, ते जाहिरातीलाही ओलांडता येत नाही. मुलाखतीत माणूस बोलतो, थांबतो, श्वास घेतो, आवाज खाली नेतो. छताला हात लागतो तो एखाद्या हशाला, टाळीला. जाहिरातीत वीसच्या वीस सेकंद छताला चिकटलेले. कॉम्प्रेसर लावून मोठे आवाज दाबायचे, मग सगळंच एकदम वर उचलायचं, म्हणजे कुजबुजसुद्धा ओरडण्याएवढी होते. स्क्रीनवर मुलाखतीची लहर सह्याद्रीच्या रांगेसारखी वरखाली दिसते आणि जाहिरातीची सरळ विटेसारखी. त्यावर आणखी दोन ते पाच हजार हर्ट्झचा पट्टा उचलायचा, कारण माणसाचा कान तिथेच सगळ्यात तिखट असतो. क्लायंट मागे बसून म्हणायचे, “जरा उठाव आणा”, आणि आम्ही आणायचो.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या सातव्या नियमात स्पष्ट लिहिलंय की जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा असता कामा नये. पण अवाजवी म्हणजे किती, याचा आकडा त्या ओळीत नाही. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये आकडा ठरवला: उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप). शिखर मोजायचं नाही, कानाला जाणवणारी सरासरी मोजायची. अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला, तो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. तरीही सरासरी मोजण्यात एक फट राहते. पूर्ण कार्यक्रमाची सरासरी जुळली तरी ब्रेकच्या आधीचं शेवटचं मिनिट अगदी हळू असेल, तर पुढची जाहिरात अंगावर येतेच. मालिकांमध्ये ब्रेकआधी ढणढण संगीत असतं, तिथे फरक कमी कळतो. मुलाखतीत मात्र पाहुणा आपल्या गेलेल्या वडिलांबद्दल हळू आवाजात बोलत असतो आणि त्यावर डिटर्जंट पावडर आदळते.

आता वस्तूबद्दल. मी आईसाठी साडेआठ हजारांचा साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचा लांबट स्पीकर, घेतला. तक्रारही सांगायची आहे म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही, पण या किमतीच्या बऱ्याच साउंडबारमध्ये ही सोय असते. एकच पट्टी, खर्जासाठी वेगळा वूफर नाही. टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या, ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत वायर लावली की टीव्हीच्या रिमोटनेच आवाज चालतो, आईला नवीन काही शिकावं लागत नाही. रिमोटवर चंद्राचं चित्र असलेलं बटण आहे, तोच नाईट मोड. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो.

मी माझा मीटर घेऊन आईच्या खुर्चीत बसलो. आधी मुलाखत ५२ ते ५८ डेसिबल आणि जाहिरात ६६ ते ६८. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे आई दर ब्रेकला काय सोसत होती ते कळलं. नाईट मोड लावल्यावर मुलाखत ५५ ते ५८ आणि जाहिरात ६० च्या आसपास. फरक उरतो, पण दचकायला होत नाही. शिवाय पाहुण्याच्या वाक्यातले शेवटचे शब्द, जे आईच्या कानातून निसटायचे, ते आता ऐकू येतात. माझ्या मते यासाठीच पैसे द्यावेत.

गाण्याला मात्र हा मोड लावू नका. आई दर वर्षी मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीच्या गाण्यांना जाऊन बसणारी बाई. तिने ख्याल लावला आणि दोन मिनिटांत म्हणाली, “आलाप जवळ आलाय, पण तान मोठी होतच नाही.” अगदी बरोबर. हळूपासून मोठ्यापर्यंतचा प्रवास हा मोड खाऊन टाकतो. कीर्तनातही टाळ जोरात वाजला की बुवांचा आवाज क्षणभर आत जातो आणि परत वर येतो. आम्ही त्याला पंपिंग म्हणतो, एकदा कानाला कळलं की कळत राहतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. वीज गेली की नाईट मोड आपोआप बंद होतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, “परत चालू करायचा.” म्हाताऱ्या माणसाला हे कोण सांगणार? ज्या वस्तूची गरज सगळ्यात जास्त वयस्कर लोकांना आहे, तिला आपली सेटिंग लक्षात ठेवता यायलाच हवी.

घेण्याआधी एक करा. तुमच्या टीव्हीच्या साउंड मेनूत ‘ऑटो व्हॉल्यूम’ आहे का बघा. फुकट आहे. माझ्या बहिणीकडे तेवढ्यानेच काम झालं. आईच्या जुन्या टीव्हीत ते होतं, पण लावलं की बोलणंच घुसमटल्यासारखं यायचं, म्हणून साउंडबार घ्यावा लागला. तुमच्या टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल वायर लागेल. माझ्या खोक्यात ती नव्हती, आणि तिच्यावर आवाजासाठी साउंडबारचा वेगळा रिमोट वापरावा लागतो.

परवा फोन केला तेव्हा आई मुलाखत बघता बघता मटार सोलत होती, दोन्ही हातांनी. टीव्हीच्या कडेला तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: ‘लाईट आली की चंद्र दाबणे. गाण्याला नको.’