बंदरातलं नाताळाचं झाड अजून उभंच आहे (दीड वर्ष, ३१२ तास खेळल्यावर)

गेल्याच्या गेल्या चवथीच्या सुट्टीत हा होडीचा गेम घेतला, ८९९ रुपयांना. अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विकायला ठेवलेला) होता, अजूनही तिथेच आहे. मी फोंड्याला, मावसभाऊ पेडण्याला, तिसरा मित्र नोकरीसाठी पुण्यात. रात्री दहानंतर तिघांनी एका होडीत बसायचं, बेटं धुंडाळायची, लोखंड आणून घर वाढवायचं. लाट आडवी आली की होडी कलते, तेव्हा सगळ्यांनी वरच्या बाजूला सरकायचं असतं. हे कळेपर्यंत आम्ही सहा वेळा बुडालो. मावसभाऊ तेरेखोलच्या काठावर वाढलेला, त्याच्या मते पाणी हुबेहूब केलंय. (सुकाणू मात्र त्याच्या हाती द्यायचं नाही, असा ठराव झालेला आहे.)

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला काही ना काही नवीन येत होतं. मग नाताळाचा अपडेट आला: बंदरावर दिव्यांचं झाड, भोवती बर्फ. तो शेवटचा. त्यानंतर आणखी एक नाताळ येऊन गेला, शिगमो तोंडावर आला, झाड हलवायला कुणी फिरकलेलं नाही. मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा आणि पडद्यावर बर्फ, तेव्हा आम्ही हसत होतो. आता बंदरात होडी लावताना कुणी त्या झाडाबद्दल बोलत नाही.

बग म्हणाल तर एकच खरा जीवघेणा. उत्तरेच्या बेटांकडे जाताना नकाशाचा पुढचा भाग लोड होतो, आणि त्या क्षणी होडीतल्या पेटीतला माल गायब. पेटी असते, आत काही नसतं. आमचं दोन रात्रींचं लोखंड असंच गेलं. ‘दादा, पेटीत काय ठेवू नको, सगळं अंगावर घे,’ हा मावसभावाचा शोध. एका खेपेच्या तीन खेपा होतात, पण माल पोचतो. दुरुस्ती ‘पुढच्या अपडेटमध्ये’ येणार होती.

तो पुढचा अपडेट कुठाय, हे विचारायला समोर माणूसच नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात, याच्या पानावर आता आपोआप सूचना झळकते की शेवटचा अपडेट येऊन वर्षावर काळ लोटलाय. ही सोय स्टीमने २०२५ च्या फेब्रुवारीत आणली; म्हणजे दुकानदार बोलतो, माल बनवणारा बोलत नाही. गेममधलं रंगीत शिडांचं दुकान मात्र दर गुरुवारी नवा माल लावतं. तेवढं यंत्र बरोबर चालू आहे!

मला खरी धास्ती सर्व्हरची. एकट्याने खेळायचं तरी यांच्या सर्व्हरवर लॉगिन लागतं. जुलैत आमच्याकडे फांदी पडून लाईट गेली, इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू, पण नेट नाही म्हणून गेममधल्या माझ्याच घरात मला जाता येईना. उद्या यांनी सर्व्हरचं भाडं भरणं थांबवलं तर ते घर कायमचं गेलं. युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’चं तेच झालं: २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने गाडी चालवणंही संपलं. त्यावरून सुरू झालेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ (विकलेले गेम असे बंद पाडू नका) मोहिमेच्या युरोपातल्या अर्जावर २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्या पार झाल्या.

पुण्याचा मित्र अजून आशा धरून आहे. तो ‘नो मॅन्स स्काय’चा दाखला देतो. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला, लोकांनी शिव्या घातल्या, कंपनी गप्प बसली, आणि नोव्हेंबरअखेर तळ बांधायची सोय घेऊन परत आली. तेव्हापासून फुकट अपडेट चालूच. खरं आहे. पण ते काही महिन्यांचं मौन होतं, आणि तो गेम एकट्याला नेटशिवाय खेळता येत होता.

खेळ म्हणून पाचपैकी चार. आज नव्याने घ्या असं मात्र कुणाला सांगणार नाही. निदान ऑफलाइन खेळायची सोय देईपर्यंत तरी. तरीही घ्यायचाच असेल तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तोवर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत एकदा वायफाय बंद करून गेम उघडून बघा. आमच्याकडे नुसतं चाक फिरत राहतं.