आरिमात्सु: रंगात हात घालण्याआधी वरच्या मजल्यावर जा

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये नागोयात राहतो, आणि गेल्या महिन्यात मी आरिमात्सुला चौथ्यांदा जाऊन आले. नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेच्या गाडीने वीसेक मिनिटं लागतात. स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर जुना तोकाइदो, म्हणजे एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो हा पूर्वीचा हमरस्ता. १६०८ मध्ये हे गाव या रस्त्याच्या कडेला वसवलं. शेतीला जमीन तुटपुंजी, म्हणून लोक गाठी मारून रंगवलेले सुती पंचे वाटसरूंना विकू लागले. तोच धंदा आजही चालू आहे.

आधी आरिमात्सु-नारुमी शिबोरी काइकानमध्ये, म्हणजे या बांधून रंगवण्याच्या कलेच्या (शिबोरीच्या) केंद्रात जा. तळमजल्यावर दुकान आहे, पण तिथे रेंगाळू नका, सरळ वर जा. वर कारागीर बायका काम करत बसलेल्या असतात. मी ‘कुमो’ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी बांधताना पाहिली. समोरच्या स्टँडच्या आकड्यात कापडाचं टोक अडकवायचं, बोटांनी बारीक चुण्या गोळा करायच्या आणि बुडापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळायचा. मी ब्लाउज शिवते, चुण्या माझ्या रोजच्या हातातल्या. तरी त्यांची बोटं नेमकी कधी वळतात ते मला अर्धा तास पाहूनही कळलं नाही. इथे शंभराच्या वर प्रकार आहेत, आणि एकेक कारागीर बहुधा एकच प्रकार आयुष्यभर करतो. एका कापडावर तीन नक्षी असतील, तर ते तीन घरं फिरतं.

मग त्याच रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्यात ‘सेक्का’चा, म्हणजे बर्फाच्या फुलांच्या नक्षीचा वर्ग केला. साडेतीन हजार येन, तासाभराचा. ओल्या पंच्याला आधी उभ्या चुण्या घालायच्या, मग समोशासारख्या त्रिकोणी घड्या, वरखाली लाकडी पट्ट्या लावून घट्ट आवळायचं. रंगात फक्त कडा बुडवायची, तीही काही क्षणच. कापड आधीच ओलं असल्यामुळे रंग कडेकडून हळूहळू आत चढतो. घडी उलगडली आणि एका त्रिकोणातून सहा पाकळ्यांची बर्फाची फुलं एकापाठोपाठ एक दिसू लागली. माझ्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं. हीच नक्षी इथे पूर्वी बाळांच्या लंगोटांवर असायची, हे कळल्यावर मला ती जास्तच आवडली.

एक तक्रार मात्र आहे. कापड कसं धुवायचं, ते वर्गात कुणी सांगितलं नाही. घरी पहिल्याच धुण्यात पंच्याचा निळा रंग माझ्या पांढऱ्या ओढणीला लागला. पैसे घेता, तर एवढं सांगायलाच हवं. तुम्ही पहिले दोन-तीन वेळा थंड पाण्यात वेगळं धुवा.

विकत घ्यायचं असेल तर हात फिरवून पाहा. बांधलेल्या कापडावर दोऱ्याच्या वळणांचे उंचवटे राहतात, फुलं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. छापील नक्कल सपाट लागते आणि तिची फुलं एका साच्यातली असतात. अस्सल ‘कुमो’चा स्टोल महाग आहे, पण त्यात किती गाठी आहेत ते वर पाहून आल्यावर मला किंमत रास्त वाटली. त्याला इस्त्री मात्र करू नका, ते उंचवटे बसतात आणि परत उठत नाहीत.