दाजीपूर, चांदोली की आंबा: चालायला जायचंय की बघायला?

दाजींचा पुण्याहून फोन आला. "दिवाळीच्या सुट्टीत येतोय. एक दिवस जंगलात काढायचा. झाडी दाट पाहिजे, तळं पाहिजे आणि पोटभर चालायला मिळालं पाहिजे. तुमच्याकडं ते राष्ट्रीय उद्यान आहे ना, तिथंच जाऊ." बरोबर ताई, बारा वर्षांचा भाचा आणि गुडघ्याचं ऑपरेशन तीन वर्षं पुढं ढकलत आलेल्या ताईच्या सासूबाई.

मी म्हटलं, "दाजी, राष्ट्रीय उद्यान आणि पोटभर चालणं हे दोन्ही एका दिवसात बसत नाही." ते हसले. त्यांना वाटलं, मला पहाटे उठायचा कंटाळा आलाय.

हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. कोल्हापुरातून उजाडता निघून रात्री जेवायला घरी परत येता येईल, आणि जिथं जंगल व पाणी एकत्र आहे, अशी माझ्या हिशेबी तीन ठिकाणं: राधानगरी-दाजीपूर, चांदोली आणि आंबा-मानोली. तिन्ही सह्याद्रीच्या एकाच माथ्यावर. झाडीही थोड्याफार फरकानं तीच: अंजनी, जांभूळ, हिरडा, खाली कारवी आणि मधूनच जांभ्या दगडाचा उघडा सडा. फरक आहे तो तुम्हाला आत किती आणि कसं सोडतात यात.

चांदोली हे कायद्यानं राष्ट्रीय उद्यान. 2004 साली तो दर्जा मिळाला, क्षेत्र 317 चौरस किलोमीटर, आणि 2010 पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. राधानगरी हे अभयारण्य. गव्यांसाठी 1958 साली दाजीपूरला सुरुवात झाली, राज्यातलं ते पहिलं अभयारण्य. पुढं हद्द वाढत 351 चौरस किलोमीटर झाली. 2012 साली ही दोन्ही जंगलं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीतही गेली. आंब्याच्या बाजूला यातली कुठलीच मोठी पाटी नाही. तिथं राखीव वन आणि विशाळगड संवर्धन राखीव. आता गंमत बघा: पाटी जितकी मोठी, तितके आपले पाय गाडीत. तसं असणं योग्यच आहे, तक्रार नाही. पण शंभर किलोमीटर जवळपास गाडी हाणून गेल्यावर हे कळण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं.

आधी चांदोलीचं सांगतो, कारण दाजींचा जीव तिथं अडकलाय.

बांबवडे, कोकरूड, आरळा करत मणदूरला पोहोचायचं. तिथून पुढं वन विभागाची परवानगी, ठरलेली गाडी, बरोबर वाटाड्या. गाडी झोळंबीच्या सड्यावर जाते, जनीचा आंबा दाखवते, मनोऱ्यावर चढवते. मनोऱ्यावरून खाली चांदोली धरणाचा जलाशय, वसंत सागर, दिसतो तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. वारणेचं हे पाणी 34 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वरचं, म्हणजे राधानगरी धरणाच्या चौपट. डोंगरांच्या बोटांत पाणी शिरलंय की पाण्याच्या बोटांत डोंगर, हे कळत नाही. पण ते वरून बघायचं. काठावर जाऊन पाय बुडवायचे म्हणाल तर नाही.

चांदोलीत मला पाण्यापेक्षा जास्त लक्षात राहिली ती गवताची मोकळी पठारं. पहिल्या खेपेला मला वाटलं, निसर्गतःच अशी असतील. वाटाड्यानं गाडी थांबवली आणि एका ठिकाणी बोट केलं. गवतात जोत्याचे दगड, शेजारी ओळीत लावलेले आंबे, पलीकडं भाताच्या खाचरांचे बांध. ही गावं होती. झोळंबी, गोठणे, रुंदिव, निवळे अशी कितीतरी गावं आधी धरणामुळं, मग जंगलामुळं उठली. माणसांच्या शेतात आता गवे आणि सांबरं चरतात. वाटाड्याची आजी त्यातल्याच एका गावची. तो हे अगदी सहज सांगत होता, मलाच पुढं काय बोलावं सुचेना.

वाघाचं विचाराल तर 2018 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2023 च्या डिसेंबरात इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. याचा अर्थ आपल्याला दिसेल असा नाही. भाच्याला वाघाचं आमिष दाखवून न्याल तर परतीच्या वाटेवर त्याचं तोंड बघवणार नाही. चांदोली कुणासाठी? ज्याला शांतता पाहिजे, गाडीत चार तास गप्प बसायची तयारी आहे आणि दुर्बीण गळ्यात आहे, त्याच्यासाठी. चालणाऱ्यासाठी नाही.

दाजीपूर मधलं. अंतरानं मधलं नाही, स्वभावानं. हळदी, परिते करत राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तिथून फोंड्याच्या रस्त्यानं दाजीपूर आणखी पंचवीस-तीस. एसटीनं जाता येतं ही मोठी सोय. राधानगरीचं धरण तर कोल्हापूरकरांना तोंडपाठ. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं, सात स्वयंचलित दरवाजांचं. पाण्याची पातळी ठरावीक उंचीला गेली की दरवाजा आपोआप उघडतो, बटण दाबायला माणूस लागत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी पडतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये "कितवा उघडला?" हा शहरातला पहिला प्रश्न असतो, कारण पुढं पंचगंगा काय करणार ते त्यावर. तर या धरणाचं पाणी म्हणजे लक्ष्मी तलाव. दाजीपूरच्या रस्त्यावर तो बराच वेळ झाडांतून डोकावत सोबत करतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेनझीर व्हिला या जुन्या बंगल्याचे अवशेष वर येतात. ज्याला गुडघ्याची तक्रार आहे त्याला गाडीत बसून इतकं पाणी दुसरीकडं कुठं दिसणार नाही.

जंगलाच्या आत मात्र इथंही गाडीच. सावराई सडा, सांबरकोंड, वाघाचं पाणी ही नावं ऐकायला गोड, पण तिथपर्यंत धुळीचा रस्ता आणि जीपचे हादरे आहेत. चालायचं असेल तर शिवगडाची वाट धरावी. झाडीतून चढत उगवाईच्या देवळाशी जायचं, आणि मग एकदम जमीन संपते. खाली कोकण. अर्धा दिवस जातो, पण सावलीतला जातो. परवानगी आणि वाटाड्या घ्यावाच लागतो आणि घ्यावाच. कारण गवा.

गव्याबद्दल पुण्याकडच्या लोकांना दोन्ही टोकांचे गैरसमज असतात. कुणी त्याला म्हैस समजतं, कुणी सैतान. मी एकदा संध्याकाळी रस्त्याच्या कडेला लघवीला थांबलो होतो. वीस-पंचवीस पावलांवर करवंदीच्या जाळीतून काहीतरी फुरफुरलं. आधी दिसले ते पाय, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. मग वर बघत गेलो आणि बघतच गेलो. अंगावर तेल चोपडल्यासारखा काळा रंग, खांद्यावर डोंगर. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, नाक वर केलं आणि पुन्हा पाल्याला तोंड लावलं. मी पाठ न दाखवता मागं मागं सरकत गाडीत. एवढंच घडलं. पण त्या वीस पावलांवर कुणी मोबाईल घेऊन पुढं सरकला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. 2021 च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापूर शहरात आला होता आणि लोकांच्या गर्दीनं, आरडाओरड्यानं तो बिथरला, हे आपण पाहिलेलंच आहे. गवा दिसणं हेच तुमचं ध्येय असेल तर दाजीपूरला तोड नाही. मार्च ते मे, पाणवठ्यांवर, सकाळी लवकर.

एक सूचना माझ्या फजितीतून. दाजीपूर आणि चांदोली दोन्ही पावसाळ्यात बंद असतात आणि पाऊस सरून आतले रस्ते सुकले की उघडतात. मी एका वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ऊन छान पडलंय म्हणून, चार जणांना घेऊन दाजीपूरला गेलो. फाटक बंद. फाटकापाशी बसून डबे खाल्ले आणि परत आलो. अजूनही मित्र "फाटक बघायला कधी जायचं?" विचारतात. तेव्हा निघण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात फोन करा. आठवड्याच्या सुट्टीचा वारही त्याच फोनवर विचारून घ्या.

आता आंबा. इथं माझा कल उघड आहे, लपवत नाही.

वाघबीळ, बांबवडे, मलकापूर करत रत्नागिरीच्या हमरस्त्यानं पासष्ट-सत्तर किलोमीटर. घाट सुरू होण्याआधी गाव लागतं. गाडी लावली की जंगल सुरू. आंबेश्वराच्या देवराईत शिरलं की भर दुपारी डोळ्यांवर हात धरल्यासारखा अंधार. वेलींची खोडं माणसाच्या मांडीएवढी. इथं शेकरू दिसायची शक्यता चांगली आहे, फक्त मान वर ठेवून थांबायला पाहिजे आणि बरोबरच्यांची तोंडं बंद पाहिजेत. देवराईतून पुढं मानोलीच्या तळ्याकडं पाच-एक किलोमीटरची चाल. चढ-उतार बेताचा, बारा वर्षांचं पोर पळत जातं. मानोलीचं धरण लहानसं. चांदोलीपुढं ते तांब्याभर पाणी. पण या तांब्यापाशी तुम्ही चालत जाता, बांधावर बसता, समोरच्या झाडीतून धनेश पंख वाजवत पलीकडं जातो तो आवाज ऐकता. पाण्यात मात्र उतरायचं नाही. लहान धरणांचा काठ गाळाचा असतो, पाय रुतला की मोठा माणूसही घाबरतो.

आंब्याचे दोष सांगितले नाहीत तर तो लबाडपणा होईल. शनिवार-रविवारी रिसॉर्टांची गर्दी, आणि स्पीकर लावणारी एक तरी टोळी भेटतेच. मोठे प्राणी दिवसा दिसण्याचा भरवसा नाही. वाटांना पाट्या नाहीत, एका वाटेला तीन वाटा फुटतात आणि मोबाईलचा नकाशा तिथं शपथेवर खोटं बोलतो. सप्टेंबरात एकदा सड्यावर धुकं असं आलं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. गावातले एक काका बरोबर होते म्हणून निभावलं. ते जाताना दर पंधरा-वीस पावलांवर कारवीची एक काडी मोडून खाली लोंबती ठेवत होते. मला वाटलं, हाताचा चाळा आहे. येताना धुक्यात आम्ही त्या मोडलेल्या काड्या चाचपत चाचपत बाहेर आलो. पावसाळ्यात जळवांचाही हिशेब धरा. मोज्यांना बाहेरून तंबाखूचं पाणी लावलं की बऱ्यापैकी दूर राहतात, चिकटलीच तर मीठ. ओढून काढू नका.

मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत काजवे बघायला आंब्याला जावं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

चौथं नाव लोक घेतात ते गगनबावड्याचं. लखमापूरचं तळं, अणदूरचं तळं, गगनगड, पळसंब्याची कातळातली देवळं. दिवस सुंदर जातो, पण ती गाडीतून उतरून बघायची ठिकाणं आहेत. सलग जंगलातली चाल तिथं मी तरी सुचवणार नाही.

तर दाजींचं काय? नुसती ताई आणि दाजी असते आणि महिना एप्रिल असता, तर मी डोळे झाकून दाजीपूर म्हटलं असतं, नावाचाही मान राहिला असता. दाजी एकटे असते तर चांदोली. पण इथं पळणारं पोर आणि न चालणाऱ्या सासूबाई एकाच गाडीत आहेत, महिना दिवाळीचा आहे आणि फाटकं उघडली असतील याची खात्री नाही. मानोलीची मेख अशी की तळ्यापर्यंत गाडीरस्ताही आहे. म्हणजे आम्ही देवराईतून चालत जायचं, सासूबाईंना ताईनं गाडीनं न्यायचं आणि बारा वाजता बांधापाशी डबे उघडायचे. बाकी दोन्ही ठिकाणी एकतर सगळे गाडीत, नाहीतर सासूबाई एकट्या मागं.

हे सगळं फोनवर सांगितलं. दाजी म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण ते राष्ट्रीय उद्यान नाही ना?"

मागून सासूबाईंनी फोन काढून घेतला. "ते राहू दे. तिथं भाकरी खायला बसायचं तर सावली आहे का, तेवढं सांग."

बांधाच्या अलीकडं जांभळीचं झाड आहे, तेवढं सांगितलं.