कॅट काढला नाही, बदलला : पैसे वसूल, पण त्या पत्र्याने डोकं उठवलंय

गाडी २०१८ची बीएस-४ (धुराचं सरकारी मानक) पेट्रोल हॅचबॅक, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग, लाख किलोमीटरच्या वर पळालेली. नवीन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा 'कॅट', बसवून एक पावसाळा आणि एक साखर हंगाम गेला. काढून नुसता पाइप टाकावा की नवीन बसवावा, या घोळात असाल तर वाचा.

वंटमुरी घाटात गाडी दम टाकायला लागली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएम तीन हजारांच्या वर जाईना, चेक लाइट पेटलेला, कोड पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. उद्यमबागेतल्या मिस्त्रीचं उत्तर तयार होतं : "काढून टाकूया की ओ काका, गाडी मोकळी हुतीय बघा." पाइपचे तीन हजार. आणि जुना कॅट त्याच्याकडेच राहणार, हे मात्र तो जरा हळू बोलला.

तिथेच मी सावध झालो. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. मारुती ईको व्हॅनचे सायलेन्सर रातोरात चोरीला जातात ते जाळीच्या त्या 'माती'साठीच. म्हणजे तीन हजारही मीच द्यायचे आणि मालही त्याच्या पदरात टाकायचा? वा रे वा.

मेव्हण्याने तसाच पाइप टाकलाय, गाडी हेच मॉडेल. चालवून बघितली. आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं, एवढंच. इंजिनाचा मॅप (कॉम्प्युटरमधलं सेटिंग) कंपनीचाच असेल तर धडधाकट कॅट काढून मिळणारी ताकद पायाला जाणवतसुद्धा नाही. चोंदलेला काढला की फरक पडतो, पण तेवढा फरक नवीन बसवूनही पडतो. वर त्याच्या गाडीत गोवावेसच्या सिग्नलला थांबलं की पेट्रोलचा वास आत येतो. लाइट विझवायला, कॅटचं काम तपासणाऱ्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर लावलाय, म्हणजे मधे नळी घालून तो धुरापासून लांब केलाय, म्हणजे डॉक्टरलाच बाहेर बसवलं. इमिशन टेस्टला बीएस-४ पेट्रोलला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं, ते स्पेसरने होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंड दहा हजारांपर्यंत आहे, तुरुंगाचीही तरतूद आहे. केए-२२ची पाटी लावून, सायलेन्सर बोंबलत कोगनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिरायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

शोरूमने सांगितलेला आकडा ऐकून मी चहा न घेताच उठलो. शेवटी बाहेरचा, ४०० सेलचा (जाळीत दर चौरस इंचाला ४०० छिद्रं) घेतला. मजुरीसकट अठरा हजार. दुकानदार २०० सेलचा 'हाय-फ्लो' गळ्यात मारत होता. त्यात छिद्रं कमी आणि मोठी, हवा मोकळी जाते, पण धूर नीट साफ होत नाही आणि पी०४२० परत यायची भीती.

पण त्याआधीचं काम महत्त्वाचं. जुना कॅट खोलला तर जाळीची एक बाजू वितळून गुळाच्या ढेपेसारखी एकजीव झालेली. कॅट आपणहून असा मरत नाही. तीन नंबरच्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) मधूनमधून मिस मारत होती. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटमध्ये जळायचं. कॉइल आणि प्लग बदलल्याशिवाय नवीन कॅट बसवला असता, तर तोही त्याच वाटेने गेला असता. चेक लाइट नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, तो मिसफायरचा इशारा असतो.

इथपर्यंत मी खूश. मग दिवाळीच्या आसपास पुन्हा पी०४२०! माल बोगस म्हणून एक स्टार द्यायला बसलोच होतो. ओबीडी डोंगल (गाडीचे सेन्सर मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून बघितलं. कॅटच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचतो, ते बरोबरच आहे. मागचा ०.७च्या आसपास शांत बसायला हवा, तोही नाचत होता. पण फक्त आयडलवर. हायवेला गप्प. ते खटकलं म्हणून गाडी वर घेतली तर मागच्या सेन्सरच्या अलीकडचं गॅस्केट काळं पडलेलं, तिथून हवा आत ओढली जात होती. गॅस्केट बदललं, लाइट गेला तो गेलाच. तेव्हा मालाला चार स्टार.

पाचवा स्टार कापलाय तो हीट शील्डसाठी, म्हणजे कॅटची धग अडवणाऱ्या पत्र्यासाठी. बरोबर दोन हजार आरपीएमला तो पत्रा असा खडखडतो की बायको म्हणते, डबा बांधलाय का मागे? अठरा हजारांच्या वस्तूला दोन नटांवर पत्रा? तिसरा नट लावला असता तर कारखाना बुडाला असता का? काढूनच फेकावा असं रोज वाटतं. पण कॅट चार-पाचशे अंशांना तापतो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत आमची गाडी फडात पाचटावरच उभी असते. म्हणून मोठा होज क्लॅम्प आवळलाय. चोर्ला घाटातले खड्डे झाले की परत आवळावा लागतो.

जुना कॅट मागून घेतलाय. भंगारवाले भाव सांगतात, पण वजन कुणी माझ्यासमोर करायला तयार नाही. तोवर तो माळ्यावरच राहील.