अडीचशे खोके काढून झाल्यावर: रेषा आणि पर्स्पेक्टिव्हच्या सरावाचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या गणपतीनंतर सुरुवात केली, आता मे लागला. चित्रकलेच्या पायाभूत सरावाचे मोफत पाठ इंटरनेटवर मिळतात ना, दोन ठिपक्यांमधली सरळ रेष, मग लंबवर्तुळं, मग निरनिराळ्या कोनांतून २५० खोके, ते मी रोज वीसेक मिनिटं केले. जानेवारीत इथल्या, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या वेळी घरी पाहुणे होते, तेव्हा पंधरा दिवस खंड पडला. बाकी सुट्टी नाही. सुरू करावं की नको या विचारात असलेल्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

शाळेत मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्राला तांब्या, पुस्तक, कांदा असं काहीतरी समोर असायचं. सावली मला जमायची, पण तांब्याचं तोंड एका बाजूला कललेलंच यायचं आणि ते का कलतं हे मला कळायचं नाही. पुढे नोकरी लागली, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते, आणि चित्र मागे पडलं. मुलगी आठवीत गेली, तिची एलिमेंटरीची तयारी सुरू झाली, तेव्हा तिच्या शेजारी बसून मीही पेन हातात घेतलं.

सामान फार लागत नाही. झेरॉक्सच्या कागदाची ५०० पानांची एक रीम आणि ०.५ चा फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं शाईचं पेन. पेन्सिल नको असं या पाठांमध्ये सांगतात, आणि ते मला पटलं. खोडायची सोय नसली की रेष टाकायच्या आधी विचार होतो. चुकलेल्या रेषेवरून दुसरी रेष फिरवायची नाही, हाही नियम आहे. पहिल्या महिन्यात सगळ्यात अवघड मला तोच गेला.

पहिला सराव असा: पट्टीनं एक रेष मारायची आणि तिच्यावरून आठ वेळा मोकळ्या हातानं रेष ओढायची. शेवटाकडे रेषा फाकल्या तर हरकत नाही, सरावानं ते कमी होतं. पण सुरुवातीलाच फाकल्या असतील तर पेन नीट टेकवलंच नव्हतं, घाई झाली होती. माझ्या पहिल्या वीस पानांवर दोन्ही टोकं फाकलेली आहेत. ती पानं मी फाईलला लावून ठेवली आहेत.

त्यानंतर दोन ठिपक्यांचा सराव. ठिपके द्यायचे, पेन कागदाच्या वर धरून हवेतच तीन-चार वेळा रेष गिरवायची, आणि हात तयार झाला की न थांबता एका दमात ओढायची. मी सुरुवातीला ठिपका गाठायच्या नादात हळू जायचे, आणि रेष थरथरायची. मग वेग वाढवला तर ठिपका चुकायचा. दोन्ही एकदम येत नाही. आधी रेष वाहती हवी, नेम नंतर बसतो. हा क्रम उलटा धरला की महिनोन्‌महिने थरथर जात नाही, निदान माझी तरी गेली नसती. रेष एकाच बाजूला वाकत असेल तर हात मनगटातून फिरतो आहे, कारण मनगट जागेवर टेकलं की पेनाचं टोक कमानीतच फिरणार. खांद्यातून हात हलवला की लांब रेष सरळ येते. त्यासाठी मला टेबल बदलावं लागलं. जेवणाचं टेबल उंच होतं, कोपर अधांतरी राहायचं आणि मान दुखायची. आता मशीनच्या जुन्या बैठ्या टेबलावर, पाटावर बसून काढते.

आमचे अप्पा चादरींची डिझाईनं ग्राफच्या कागदावर करायचे. जकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, एकेक चौकट रंगवत फूल उभं करायचं काम. एक दिवस ते पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय करायलीस गं? नुसत्या रेघा?" पान हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हिथं हात थांबला तुझा." बोट बरोबर त्या जागी होतं. तेव्हापासून पान झालं की आधी त्यांना दाखवते. या सरावाची एक मोठी उणीव इथंच लक्षात येते: एकट्यानं करताना चूक दाखवणारं कुणी नसतं. सूचना इंग्रजीत आणि लांबलचक असतात, त्या मी तीन-तीनदा वाचल्या. घरात किंवा ओळखीत बघणारं एक माणूस असेल तर त्याला जरूर पकडा.

लंबवर्तुळांनी माझं तांब्याचं कोडं सोडवलं. गोल वस्तूचं तोंड तिरक्यातून लंबवर्तुळ दिसतं, आणि त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष वस्तूच्या मधल्या आसाच्याच रेषेत असतो. तांब्या उभा तर आखूड अक्षही उभा. माझा अक्ष कलायचा, म्हणून तोंड कलायचं! कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुताचे कोन, म्हणजे शंकूसारख्या नळीवर गुंडाळलेलं सूत, रॅकवर उभे रचलेले असतात. डोळ्यांच्या उंचीवरच्या कप्प्यातल्या कोनाचा माथा जवळजवळ सरळ रेघ दिसतो आणि खालच्या कप्प्यांकडे जावं तसा तो गोल होत उघडत जातो. इतकी वर्षं त्याच रॅकसमोर उभं राहून चलन लिहीत होते, हे बघितलं पहिल्यांदा नोव्हेंबरात.

आता खोके. पर्स्पेक्टिव्हला, म्हणजे वस्तू जवळ-लांब जशी दिसते तशी कागदावर उतरवायच्या पद्धतीला, मुलीच्या पुस्तकात यथार्थदर्शन म्हणतात, सुंदर शब्द आहे. खोक्याला १२ कडा, चार-चार समांतर कडांचे तीन संच. कागदावर प्रत्येक संच आपापल्या व्हॅनिशिंग पॉइंटकडे जवळ येत गेला पाहिजे. हा पॉइंट म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथं भेटताना दिसतात ती जागा. तो बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर असतो, तो मनातच धरायचा. पुढच्या कोपऱ्यातून तीन रेषा काढून सुरुवात करायची आणि अंदाजानं खोका पुरा करायचा. इथंवर सगळेच करतात. खरा सराव यानंतर आहे. खोका झाला की लाल, निळा, हिरवा अशी तीन पेनं घेऊन प्रत्येक संचाच्या रेषा पट्टीनं मागे, आपल्यापासून लांब जातात त्या दिशेला वाढवायच्या. मग दिसतं की तीन रेषा एकत्र येताहेत आणि चौथी भलतीकडेच चालली आहे.

ही तपासणी मी पहिल्या चाळीस खोक्यांना केलीच नाही. वेळ वाचवला. ते चाळीस वाया गेले असं मी स्वच्छ सांगते, कारण ४१व्या खोक्यावर पट्टी लावली तेव्हा पहिल्या खोक्यातलीच चूक तशीच होती: मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कडा जवळ येण्याऐवजी फाकत होत्या. मी शेजारच्या दोन रेषा एकमेकींशी जुळवत होते. चारही एकदम बघायच्या असतात. हे उमगल्यावर साठाव्या-सत्तराव्या खोक्यापर्यंत फरक पडला. नव्वदच्या पुढे मात्र बरेच दिवस काहीच हललं नाही, तेव्हा खोक्यांचे आकार बदलले, लांबट केले, चपटे केले, आणि गाडी पुढे सरकली. पानाला पाच या हिशोबानं ५० पानं झाली. शेवटचं पान मार्चअखेर भरलं.

एक नियम मी फार उशिरा पाळला: जितका वेळ सराव, तितकाच वेळ मनाला येईल ते काढायचं. नुसता सराव करत राहिलं तर हात सुधारतो आणि चित्र काढायची इच्छा आटते. फेब्रुवारीत माझं तसंच झालं. मग रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी वही घेऊन बसायला लागले. समोर भुईकोट किल्ल्याची भिंत. क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते हे वाचलं होतं. तिथं पायरीवर बसून बघितलं, उठून उभी राहून बघितलं, तर माझ्याबरोबर तीही वर आली. तटाची वरची कड लांब जाताना खाली उतरते, पाण्यालगतची कड वर चढते. दोघी कुठं भेटतील ते आता पट्टी न लावता अदमासानं सांगता येतं. कारखान्यात यंत्रमागामागे उभं राहिलं की बीमवरून, म्हणजे मागच्या मोठ्या रुळावरून, निघालेले ताण्याचे उभे धागे तसेच लांब जात जवळ येताना दिसतात.

सरावातून काय मिळणार नाही तेही सांगते. छायाप्रकाश, माणसाचा चेहरा, रंग, कागदावर वस्तू कुठं मांडायची हे यात नाही. इंद्रभवनाची इमारत काढायला गेले तर खोका बरोबर बसला, पण त्यावरची नक्षी, कमानी, मनोरे यांच्यापुढे हात टेकले. त्याचा अभ्यास वेगळा. लहान मुलांना २५० खोके लावू नयेत असं माझं मत. मुलीनं तीस काढले आणि सोडले, मी आग्रह केला नाही. त्या तिसांचा उपयोग तिच्या वस्तुचित्रातल्या पुस्तकाला झालेला मला दिसतो.

एप्रिलपासून दुपारी हाताला घाम येतो, कागद चिकटतो, पंखा लावला की उडतो. म्हणून आता पहाटे साडेपाचला बसते, तळहाताखाली एक कोरा कागद ठेवून. पुढच्या महिन्यात दंडगोलांना हात घालणार आहे. स्टोअरमधून एक रिकामा कोन मागून घरी आणून ठेवला आहे.